भिमाबाईच्या हाताला येणाऱ्या मुंग्या

नाशिकच्या द्वारका चौकातून पुणे रस्त्याला लागलं की डाव्या हाताला गाड्यांच्या वायरिंगची कामं करणाऱ्यांच्या टपऱ्या होत्या. त्यातली शेवटची सहादूची. ट्रकचा डायनामो चार्ज करत नाही, हॉर्न दाबला की दिवे मिचमिचतात, असली दुखणी घेऊन लोक पार मालेगाव-सटाण्याकडून त्याच्याकडे येत. माणूस बोलायला फटकळ, पण हात चांगला. दोष सापडेपर्यंत जेवायला उठायचा नाही.

त्याची बायको भिमाबाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. तिचं अक्षर इतकं सुंदर की शाळेच्या फळ्यावरचा सुविचार वर्षभर तीच लिहायची. मूलबाळ नव्हतं. कॉलनीत दोन खोल्या, पुढे थोडं अंगण, अंगणाच्या कडेला विहार. संसार बरा चालला होता.

भिमाबाईची एकच हौस होती, अजिंठ्याची लेणी बघायची. चौऱ्याहत्तर साली दोघं निघाले. लेण्यांच्या अलीकडच्या गावात संध्याकाळी उतरले आणि एका लॉजवर गेले. तिथला माणूस हसून ‘या’ म्हणाला. रजिस्टर उघडलं, नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव कोणतं, आणि मग रजिस्टर मिटलं. ‘खोल्या भरल्यात’ म्हणाला. त्याच्या पाठीमागं खिळ्यांवर किल्ल्या लटकत होत्या. त्या भिमाबाईनंही पाहिल्या आणि सहादूनंही. पुढच्या लॉजवर आडनाव सांगायचीही वेळ आली नाही, कारण पहिल्या लॉजवरचा पोऱ्या आधीच पुढे जाऊन आला होता. शेवटी एस.टी. स्टँडवरच्या बाकावर बसून राहिले. सकाळी लेण्यांकडे जाणारी गाडी लागली तेव्हा सहादू उठला. भिमाबाई बसूनच म्हणाली, “नको. घरी जाऊ.”

त्या दिवसापासून सहादूच्या डोक्यात एक गोष्ट बसली. आपलं घर आपल्या गाडीमागं असलं पाहिजे. कुणाच्या दारात आडनाव सांगायला उभं राहायचं नाही.

पाच-सहा वर्षांनी तो योग आला. एका धरणाच्या पाहणीचा कॅम्प उठला आणि तिथल्या सामानाचा लिलाव झाला. त्यात एक लोखंडी ट्रेलर होता. साहेब लोक रानात असले की त्यात झोपत. दोन चाकं, पत्र्याच्या भिंती, दोन खिडक्या, मागं दार. पत्रा गंजलेला, आतली वायरिंग उंदरांनी खाल्लेली. सहादूनं तो आपल्या जुन्या जीपला जोडून आणला आणि अंगणात उभा केला. कॉलनीतल्या लोकांनी त्याला ‘सहादूचा डबा’ असं नाव ठेवलं.

त्या डब्यावर दोघांनी मिळून जीव लावला. पलंग कुठं, ओटा कुठं, हे भिमाबाईनं खडूनं तळाच्या पत्र्यावर आखून दिलं. पडद्याचं कापडही तिनंच निवडलं, निळं, बारीक पांढऱ्या फुलांचं. सहादूनं पत्रा घासला, वेल्डिंग करून घेतलं, आतून-बाहेरून रंग दिला. मग वायरिंग ओढली.

पहिल्याच फेरीला मागच्या दिव्यांनी त्याला छळलं. जीपचा डावा सिग्नल दिला की ट्रेलरचे दोन्ही दिवे मिचमिचायचे. ब्रेक दाबला की मागचा लाल दिवा उजळायच्या ऐवजी मंद व्हायचा. दुसऱ्या कुणी बल्ब बदलत वेळ घालवला असता. सहादू सरळ ट्रेलरच्या दांड्यापाशी वाकला.

“अर्थ मिळत नाहीये,” तो म्हणाला. भिमाबाई पायरीवर बसून मेथी निवडत होती. “बॅटरीतून तारेनं करंट दिव्यापर्यंत येतो, आणि परत जायला गाडीची बॉडी. लोखंड हाच त्याचा परतीचा रस्ता. इथं जीपचं आणि ट्रेलरचं लोखंड ह्या एका गोळ्यावर टेकतं, आणि मी त्याला ग्रीस लावून ठेवलंय. रस्ता बंद झाला म्हणून करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतोय.”

त्यानं चेसीवरचा रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, तिथं बोल्टखाली जाड तार आवळली आणि ती थेट जीपच्या बॉडीला नेऊन जोडली. सिग्नल दिला. डावा एकटाच मिचमिचायला लागला. भिमाबाईनं मेथीच्या हातानं टाळी वाजवली. सहादूचा चेहरा असा फुलला की काही विचारू नका.

पुढचं सगळं त्या आनंदातच बिघडलं म्हणायचं. जिथं मुक्काम करू तिथं कुणाकडून लाईन मिळाली तर घ्यावी, म्हणून त्यानं ट्रेलरमध्ये घरच्या विजेचीही सोय केली. एक बल्ब, एक पंखा, चहापुरती विजेची शेगडी. घरातून दोन तारांची लांब वायर आणली. गाडीत जे आयुष्यभर केलं तेच हातानं इथंही केलं. एक तार बटणांना दिली आणि दुसरी, परतीची, चेसीच्या त्याच बोल्टखाली आवळली. बल्बचं, पंख्याचं, शेगडीचं दुसरं टोक जवळच्या लोखंडाला. तार वाचली, काम सुटसुटीत झालं. बल्ब लागला, पंखा फिरला. घरच्या लाईनीत आणि गाडीच्या बॅटरीत फरक असतो हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हाताला लागलेली सवय डोक्याला विचारत नाही.

एके दिवशी सकाळी आत शेगडीवर चहा ठेवून भिमाबाई बाहेरून पायरी धूत होती. दाराच्या लोखंडी कडीला हात लावला आणि तिनं तो झटक्यानं मागं घेतला.

“अहो, ह्याला हात लावला की मुंग्या येतात.”

“कसल्या मुंग्या?”

“झिणझिण्या. कोपरापर्यंत आल्या.”

सहादू आला. आधी त्यानं शेगडीचं बटण बंद केलं, चहा उतू जाईल म्हणून. मग खिशातला टेस्टर काढून कडीला लावला. टेस्टर पेटला नाही. त्यानं कडी मुठीत धरली. त्याच्या पायात टायरच्या चपला होत्या, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत असायच्या.

“बघ. करंट असता तर टेस्टर पेटला असता. मला काही लागलं असतं. तूच लाव हात.”

भिमाबाईनं भीत भीत बोट लावलं. “आत्ता नाही येत.”

“मग?”

“पण मघाशी आल्या.”

“हात आखडला असेल. थंडी आहे.”

असं पुन्हा झालं, मग पुन्हा झालं. दर वेळी ती बोलवायची, तो शेगडी बंद करून टेस्टर लावायचा आणि काही निघायचं नाही. हळूहळू त्याला राग यायला लागला. दिवसभर तो गिऱ्हाइकांच्या गाड्यांतले न दिसणारे दोष हुडकून काढायचा, आणि घरी आपल्याच कामात नसलेला दोष ऐकायचा. टपरीवर त्यानं गंमत म्हणून सांगितलं, “आमच्या मास्तरीणबाईंना लोखंडाच्या मुंग्या येतात.” ती गंमत फिरत फिरत कॉलनीत आली. विहारात बाया भिमाबाईला हसून विचारायला लागल्या, “काय बाई, मुंग्या बऱ्या आहेत का?”

त्यानंतर ती बोलायची बंद झाली. ट्रेलरमध्ये चढताना फक्त पदराचं टोक हाताला गुंडाळायची आणि मग कडी धरायची. सहादूनं एकदा ते पाहिलं.

“आता हे काय नाटक?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि आत गेली.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत ते निघाले. अजिंठ्याला जायचं, वाटेत मनमाडला भिमाबाईच्या थोरल्या बहिणीकडे मुक्काम करायचा असं ठरलं. बहीण रंगूबाई, तिचा नवरा रावजी रेल्वेत वायरमन. निफाड सोडलं तेव्हा भिमाबाई गाणं गुणगुणत होती. जीपच्या आरशात निळा पडदा हलताना दिसत होता. सहादूला वाटलं, त्या लॉजवाल्यानं आज आपल्याला बघायला पाहिजे होतं.

रावजीच्या अंगणात डबा उभा राहिला तेव्हा बघायला सगळी चाळ गोळा झाली. रंगूबाईनं बहिणीला पोटाशी धरलं, मग डब्यात शिरून पलंगावर बसून पाहिलं, शेगडीचं बटण दाबून पाहिलं. “लय भारी केलंय दाजींनी,” ती म्हणाली. सहादूनं ओसरीतल्या प्लगमध्ये वायर जोडली, सवयीनं टेस्टर लावून कडी तपासली आणि निश्चिंत झाला.

मनमाडला पाण्याचे हाल. तरी पाहुणे आले म्हणून रंगूबाईनं सकाळी उठून अंगणात सडा टाकला. भिमाबाई चाळीच्या नळावर पाण्याला गेली. सहादू डब्यात बल्बखाली दाढी करत होता. एकदम बल्ब गेला.

“लाईट गेली का हो?” त्यानं आतून विचारलं.

“नाय नाय! ह्यांच्या शर्टाला इस्त्री फिरवतेय. प्लग एकच हाय. तुमची पिन लावते परत!” ओसरीतून रंगूबाई ओरडली.

थोड्या वेळानं बल्ब लागला. सहादूनं एका हातानं खिडकीचा गज धरला आणि गाल ताणून वस्तरा फिरवायला लागला. त्याला काहीही जाणवलं नाही. जाणवणारही नव्हतं, कारण आतल्या माणसाचे पाय जमिनीला टेकतच नव्हते.

भिमाबाई हंडा घेऊन आली. ती खुशीत होती. दुपारपर्यंत पुढच्या रस्त्याला लागायचं होतं. हंडा पायरीशी ठेवला आणि ओल्या हातानंच वर चढायला कडी धरली. पदर गुंडाळायचं त्या दिवशी राहून गेलं.

सहादूला आधी एक आवाज आला, घशातल्या घशात अडकल्यासारखा. तो वळला. दारात भिमाबाईचा चेहरा होता, डोळे त्याच्याकडे, आणि मूठ कडीवर आवळलेली. तो वस्तरा टाकून तिच्याकडे झेपावला.

“हात लावू नका! साडभाऊ, हात लावू नका!” रावजी ओसरीतून ओरडला आणि त्यानं वायरला धरून पिन हिसकून काढली.

भिमाबाई मागं कोसळली, दगडावर. हंडा कलंडला आणि सगळं पाणी तिच्याखाली पसरलं.

ती वाचली. रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खांदा बसवला आणि उजव्या हाताला पट्ट्या बांधल्या. तळवा आणि दोन बोटं आतपर्यंत भाजली होती. “नशीब म्हणा,” डॉक्टर म्हणाले.

सहादू बाहेर आला. व्हरांड्यात रंगूबाई, रावजी आणि चाळीतली चार माणसं उभी होती. त्याच्या अर्ध्या गालावर अजून साबण वाळलेला होता.

“पिनला हात कुणी लावला?” तो म्हणाला.

“मी... इस्त्रीसाठी...” रंगूबाई म्हणाली.

“मला विचारायचं नव्हतं का? कालपासून नीट चालू होतं ना? कळत नाही तर हात कशाला लावायचा?” त्याचा आवाज चढला. “बहीण आहे ना ती तुमची? तुमच्यामुळं मरता मरता वाचली!”

रंगूबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर घेतला. चाळीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. रावजीनं सहादूचा दंड धरला. “चला घरी,” एवढंच म्हणाला.

अंगणात रावजीनं एक बल्ब घेतला, त्याला दोन तारा जोडल्या. पिन सकाळी होती तशीच ओसरीत लावली. एक तार नळाच्या लोखंडी पाइपाला धरली आणि दुसरी ट्रेलरच्या पत्र्याला टेकवली. बल्ब भक्कन पेटला, घरातल्या दिव्यासारखा.

“सगळा डबाच फेज झालाय,” रावजी म्हणाला. तो ट्रेलरखाली सरकला आणि बोल्टपाशी बॅटरी मारून बघत राहिला. बाहेर आला तेव्हा बोलायला त्याला जड जात होतं. “साडभाऊ, परतीची तार तुम्ही बॉडीला बांधलीय.”

“मग? परतीचीच आहे ना ती. तिच्यात करंट नसतो. पिन उलटी लागली म्हणून झालं.”

“पिनला दोन दांडे हायेत. कशीबी बसणार. उलटी बसली की करंटाची तारच बॉडीला लागणार. सुलटी बसली तरच माणूस जगणार, असं काम कुणी करतं का? गाडीच्या बॅटरीचं बारा होल्टाचं एक ठीक. तिथं बॉडी परतीचा रस्ता असती. घरच्या लायनीत बॉडी कशालाच बांधायची नाय. तिला तिसरी वेगळी तार, ती थेट जमिनीत.”

“सुलटी असताना तर काही नव्हतं,” सहादू म्हणाला. “मी दर वेळी टेस्टर लावलाय. ती म्हणायची मुंग्या येतात, पण टेस्टर कधी...”

त्याची नजर कडीवर गेली.

“कोण म्हणायचं?” रावजीनं विचारलं. “भिमा? कधी?”

“पहिल्यापासून.”

रावजीनं पिन काढून उलटी करून लावली. पाइपाला तार धरून पुन्हा बल्ब टेकवला. पेटला नाही. “शेगडी लावा,” तो म्हणाला. सहादूनं आत हात घालून शेगडीचं बटण दाबलं. बल्ब तरीही पेटला नाही, टेस्टरही नाही. रावजीनं पायातल्या वहाणा काढल्या, सकाळच्या ओल्या जागेवर उभा राहिला आणि हाताची पाठ हळूच कडीला लावली. लगेच काढली.

“येतात,” तो म्हणाला. “जोड कुठं ढिला असला की भार पडल्यावर परतीच्या तारेतबी थोडा दाब चढतो. टेस्टर पेटायला तेवढा पुरत नाय. ओल्या पायाला कळतो.”

मग सहादूनं टायरच्या चपला काढल्या. त्या अंगणात तो पहिल्यांदाच अनवाणी उभा राहिला. पायाखाली गार ओल लागली. त्यानं कडीला हात लावला. बोटांतून बारीक मुंग्या चढल्या, मनगटातून वर, थेट कोपरापर्यंत. तिनं सांगितलं होतं अगदी तिथपर्यंत. त्यानं हात काढला नाही. रावजीनंच पिन ओढली.

संध्याकाळी तो दवाखान्यात गेला. भिमाबाई जागी होती. पट्ट्या बांधलेला हात उशीवर ठेवलेला.

“सापडलं का?” तिनं विचारलं.

“सापडलं.”

“कशात होतं?”

“माझ्याच वायरिंगमध्ये. पहिल्यापासून.”

तो वाट बघत होता की आता ती काहीतरी म्हणेल. काहीही म्हटलं असतं तरी त्याला चाललं असतं.

“मग अक्काला सांगा,” ती म्हणाली. “ती सकाळपासून जेवलेली नाही.”

तो तसाच परत गेला. रंगूबाई चुलीपुढं बसली होती. सहादू उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, “ताई, तुमची काही चूक नव्हती. माझ्या हातची चूक. मी तुम्हाला नको ते बोललो.”

“असू द्या दाजी,” ती म्हणाली. तिनं ताट वाढून घेतलं. पण व्हरांड्यातली ती माणसं आता तिथं नव्हती. तिथं बोललेलं तिथंच राहिलं. चाळीत पुढं कितीतरी दिवस लोक असंच सांगत की रंगूबाईनं पिन उलटी लावली आणि बहिणीला करंट लागला. रंगूबाईनं त्यानंतर आयुष्यात प्लगला हात लावला नाही. रावजी आपले शर्ट आपण इस्त्री करायचा. मिक्सर घरात आला तो तसाच फडताळात राहिला.

सहादूनं एकट्यानं ट्रेलर नाशिकला परत आणला. भिमाबाई नंतर गाडीनं आली, रंगूबाईबरोबर.

तिची दोन बोटं आत वळलेलीच राहिली. शाळेत रुजू झाली तेव्हा ती डाव्या हातानं लिहायला लागली. अक्षर मुलासारखं, ओळ खाली उतरत जाणारं. सुविचार लिहायचं काम तिनं स्वतःहून दुसऱ्या बाईंना देऊन टाकलं. घरी कधी तक्रार केली नाही. भाकरी डाव्या हातानं थापायला शिकली. सहादू मदतीला उठला की म्हणायची, “राहू द्या, जमतं.”

त्यानं ट्रेलरची सगळी वायरिंग उपटून काढली आणि पुन्हा केली. तीन तारांची वायर, तीन दांड्यांची पिन, बॉडी सगळ्यापासून वेगळी. जिथं मुक्काम होईल तिथं जमिनीत ठोकायला पाच फुटी लोखंडी सळई केली, तिला जाड तांब्याची तार. अंगणात खड्डा करून कोळसा-मीठ घालून अर्थिंग बसवलं. मग स्वतः अनवाणी होऊन, अंगणात बादलीभर पाणी ओतून, शेगडी लावून, सगळ्या लोखंडाला हात लावून पाहिला. पिन उलटसुलट करता येत नव्हती, तरी तारा उलट जोडून पाहिलं. काही नाही. मग त्यानं भिमाबाईला हाक मारली.

ती आली. दारात चपला काढल्या. त्यानं सांगितलं नव्हतं. डावा हात पुढं करून तिनं कडी धरली.

“येतात का?” त्यानं विचारलं.

“नाही येत.”

“मग उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ या?”

“बघू,” ती म्हणाली.

उन्हाळा गेला, दिवाळी गेली. दर सुट्टीला तो विचारायचा आणि ती ‘बघू’ म्हणायची. एकदा त्यानं जरा आग्रहच केला. “आता अगदी पक्कं काम आहे, भिमा. कुणालाही दाखव. रावजींनी बघून पास केलंय.”

ती वह्या तपासत होती. पेन खाली ठेवून म्हणाली, “काम पक्कं आहे ते मला माहीत आहे. वायरीची भीती नाही मला.”

“मग?”

“पहिल्यापासून मी सांगत होते. तुम्ही दर वेळी टेस्टरला विचारलंत. एकदाही चपला काढून माझ्या जागेवर उभे राहिला नाहीत. वर लोकांना सांगितलंत. हसले सगळे. त्या लॉजवर तुम्ही माझ्याबरोबर होता, म्हणून तेव्हासुद्धा मला एवढं लागलं नव्हतं.”

तिनं पेन उचललं, डाव्या हातात नीट धरलं आणि पुढची वही उघडली. भांडण नव्हतंच ते. दुसऱ्या दिवशी तिनं त्याचा जेवणाचा डबा नेहमीसारखा भरून दिला. पण पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

ट्रेलर अंगणात उन्हापावसात उभा राहिला. टायरांतली हवा गेली. पडद्याचा निळा रंग उडाला. पंच्याऐंशी साली मखमलाबादकडे झेंडू-शेवंती लावणारा निवृत्ती म्हणून त्याचं एक गिऱ्हाईक होतं, त्याला मळ्यात राखणीला बसायला खोपी पाहिजे होती. सहादूनं डबा त्याला देऊन टाकला. ओढून नेताना जीपचे आणि डब्याचे दिवे त्यानं एकदा तपासले. बरोबर चालत होते. भिमाबाई तेव्हा शाळेत होती. संध्याकाळी आली, अंगणातली मोकळी जागा पाहिली, आणि म्हणाली, “इथं आता तुळशी-मोगरा काहीतरी लावता येईल.” तिनं मोगरा लावला.

पुढच्या हिवाळ्यात विहारातल्या बायांनी एस.टी.ची एक गाडी ठरवली. नागपूरला दीक्षाभूमी आणि येताना अजिंठा. लेण्यांजवळ त्यांच्याच ओळखीच्या एका बाईंच्या नातेवाइकाच्या शाळेत मुक्कामाची सोय झाली होती. भिमाबाईनं नाव दिलं. मनमाडहून रंगूबाईला बोलावून घेतलं. फक्त बायांचीच गाडी होती, त्यामुळे सहादूनं यायचं की नाही हा प्रश्न निघाला नाही. त्यानं दोघी बहिणींना स्टँडवर सोडलं आणि पिशव्या वर चढवून दिल्या. रंगूबाईनं खिडकीतून “येतो दाजी” म्हणून हात हलवला.

त्या परत आल्या तेव्हा भिमाबाई उन्हानं काळवंडली होती आणि पाय सुजले होते.

“कसं झालं?” त्यानं विचारलं.

“छान झालं. पाय फार दुखतात.”

त्यानं पाणी तापवून घमेल्यात आणून दिलं. तिनं पाय बुडवले, डोळे मिटले आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. त्याला आणखी विचारायचं होतं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, मग धुणी, मग वह्या. विचारायचं राहिलं.

रविवारी विहारात ज्या बाया गाडीत नव्हत्या त्या तिच्याभोवती जमल्या. सहादू विहाराच्या बाहेर ट्यूबलाईटचा चोक बदलायला आला होता. आतून तिचा आवाज येत होता. ती शेवटच्या लेण्यातल्या निजलेल्या बुद्धाबद्दल सांगत होती. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो कसा निजलाय, उशीला कशी चुणी पडलीय, खाली रडणारी माणसं कशी इवलीशी कोरलीत. रंगूबाई अंधारात कशी घाबरली आणि मग हात जोडून कशी बसूनच राहिली, हे सांगताना ती खळखळून हसली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ती अशी हसायची.

सहादूचं काम झालं होतं. तो स्टुलावरून उतरला, पक्कड पिशवीत टाकली. आत जाऊन बायांच्या मागं बसावं असं त्याच्या मनात आलं. तो दारापर्यंत गेला. मग त्याला वाटलं, आपण आत गेलो तर ती सांगायचं थांबवेल, निदान आवाज तरी बारीक करेल. म्हणून तो दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसला आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत तिथंच ऐकत राहिला.